वहिवाटीची बस

पनवेलच्या रेल्वे स्थानकाबाहेर सकाळी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांना रांग म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती सभा असते. तिला अध्यक्ष नसतो, तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही, आणि अर्ध्या तासाच्या घनघोर चर्चेनंतर एकमताने संमत झालेला ठराव समोरून बस येताच सर्व सभासद एकाच दारातून आत घुसताना पायदळी तुडवतात, एवढ्या तीन गोष्टी सोडल्या तर कोणत्याही नामांकित सभेहून ती कमी प्रतीची नाही. या सभेचा मी गेली बावीस वर्षे सामान्य सभासद आहे. या काळात अनेक फेरफार झाले, भाडी वाढली, मार्ग वळले, थांबे सरकले. परंतु ‘पूर्वी बरे होते’ हा सभेचा मूळ ठराव कधी बदलला नाही, आणि ते पूर्वी नेमके कधी होते हे विचारण्याचा असभ्यपणाही कोणी केला नाही.

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, पावसाची एक सर ओसरून दुसरी यायच्या आत, थांब्याच्या खांबावर एक कागद डकवलेला दिसला. तो ज्या उपक्रमाचा होता त्याचे नाव, जुन्या सुवासिनी यजमानांचे घेत नसत त्याच भावनेने, मी घेत नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याच्याविषयी चारचौघांत किती बोलावे याला मर्यादा आहे. कागदाने एका शिकवणीवर्गाची जाहिरात झाकली होती, पण पुरती नव्हे. त्यामुळे ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’ या मथळ्याच्या वर एका गुटगुटीत मुलाचे हसरे डोके तेवढे दिसत होते, आणि ते आपल्यालाच हसत आहे असा वाचणाऱ्या प्रत्येकाचा ग्रह होत होता. मजकुराचा मधला, म्हणजे बस कोणत्या मार्गाने जाणार हे सांगणारा भाग सरीने ओघळून गेला होता. शिल्लक होते ते वरचे ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’, त्याखालचे ‘तात्पुरता फेरफार’ आणि तळाचे ‘पुढील आदेशापर्यंत’. सरकारी मराठीचा ज्याला थोडाबहुत सहवास घडला आहे त्याला एवढ्यावरून सर्व उमजते. खरोखरच सोयीची असलेली गोष्ट सोयीची आहे असे कोणी खांबाला चिकटवून सांगत नाही. आणि पुढील आदेश ही वस्तू तर मोक्षाप्रमाणे केवळ श्रद्धेच्या आधारावर अस्तित्वात असते.

कागद मोठ्याने वाचण्याचा मान परंपरेने नाझरकाकांचा. दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ छत्री, चष्म्याचे घर आणि गेल्या पंधरा वर्षांतील सर्व फेरफारांच्या तारखा टिपून ठेवलेली वही घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी कागद वाचला, पुसट ओळींवर बोट फिरवून पाहिले, आणि बस यापुढे बाजारपेठेतून न जाता महामार्गाच्या कडेने जाणार असा निर्णय दिला. तो त्यांना कसा कळला हे विचारायची सोय नव्हती. बेलिफाच्या चालण्यावरून हुकूमनामा ओळखण्यात ज्याची हयात गेली त्याला पुसट शाईची काय मातब्बरी!

“त्यांना हे करताच येणार नाही,” नाझरकाका म्हणाले. “गाडी बाजारपेठेतून जाते त्याला वीस वर्षं होऊन गेली. अठराशे ब्याऐंशीचा सुविधाधिकाराचा कायदा उघडून बघा. वीस वर्षं उघडपणे, अखंड, कोणाच्या मेहेरबानीशिवाय वहिवाट असली की तिचा हक्क होतो.”

“पण काका,” पाठीला दप्तर अडकवलेला एक विद्यार्थी म्हणाला, “वहिवाट बसची आहे. आपली कुठे?”

“बस जाते म्हणजे कोण जातं? आपणच जातो ना?”

“मी तर रोज उभ्यानं जातो.”

“मग तुझी उभी वहिवाट,” नाझरकाकांनी निकाल दिला.

हा संवाद मी पुढे अनेक दिवस मनात घोळवत राहिलो, कारण प्रवासी या प्राण्याचे सर्व मानसशास्त्र मला त्या एका शब्दात सापडले. बस हे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारे वाहन आहे अशी तिच्या चालकांची भाबडी समजूत असते. प्रवाशाच्या लेखी ती वडिलोपार्जित शेतातून जाणाऱ्या पायवाटेसारखी एक मिळकत असते. ती वापरावी की न वापरावी हा मालकाचा प्रश्न. ती हलवता कामा नये. मार्ग सरळ असावा, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. मात्र सरळ मार्गाची प्रत्येकाची व्याख्या त्याच्या दारावरून जाते, आणि इतरांच्या दारावरून जाणारा जो भाग असतो त्यास तो वळसा म्हणतो.

पनवेलकराच्या ठायी ही भावना अंमळ अधिक तीव्र असावी, असे मला वाटते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. हे गाव वाटेवरचे. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती १८५३ साली. त्याच्या आदल्या वर्षीच, १८५२ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली होती. त्याही पूर्वी मुंबईहून पुण्याकडे निघालेला मनुष्य मचव्याने खाडीतून पनवेलच्या बंदराला लागे आणि येथून गाडी नाही तर पालखी करून बोरघाटाची वाट धरी. बैलगाड्यांची चाके बनवण्याबद्दल गावाची एके काळी ख्याती होती. दुसऱ्याच्या प्रवासाची तजवीज करून द्यावी, आणि स्वतः ओटीवर बसून कोण कोठे, कशासाठी व किती सामानानिशी चालला आहे याची आस्थेने चौकशी करावी, हा येथील पिढीजात व्यवसाय. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, ओट्या जाऊन बाल्कन्या आल्या. चौकशीत मात्र खंड पडलेला नाही. कोकणात जायचे असो, गोव्याला जायचे असो, पळस्पे फाट्याला वळण्यापूर्वी पनवेलला पाय लावल्याशिवाय कोणाची सुटका नाही, या एका सत्यावर गावाचा सारा स्वाभिमान उभा आहे.

म्हणूनच २० फेब्रुवारी २०२४ रोजी जे घडले ते अनेकांच्या जिव्हारी लागले. त्या वर्षीच्या जानेवारीत खुल्या झालेल्या, सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरून पुणे-मुंबई शिवनेरीच्या काही फेऱ्या सोडण्यास एस.टी. महामंडळाने त्या दिवशी प्रारंभ केला. म्हणजे त्या गाड्या पनवेलला वळसा घालून समुद्रावरून परस्पर मुंबईत शिरू लागल्या. बातमी आली त्या सायंकाळी आमच्या ओळखीचे एक पेन्शनर दुःखाने वडाळे तलावाच्या तीन फेऱ्या अधिक मारून आले. मी त्यांना म्हटले, “अहो, पण तुम्ही शिवनेरीत कधी चढलाच नाहीत. मुंबईला लोकलने जाता, पुण्याला मुलाच्या गाडीने.” त्यांनी माझ्याकडे, सुतकात पेढे वाटणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. “चढत नव्हतो हे खरं,” ते म्हणाले, “पण ती थांबत होती की नाही?”

मार्गाविषयीची मते जितकी एकमुखी, तितकी भाड्याविषयीची बहुशाखी. एस.टी.चे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा सभेत प्रथम चर्चा झाली ती वाढ योग्य की अयोग्य याची नव्हे, तर पंधराला पाच शतांश कमी का, याची. पादत्राणांच्या दुकानातील किमतींशी परिचय असलेल्या एका सभासदाने हा पाच शतांशांचा अवकाश जनतेविषयीच्या कनवाळूपणातून आला असल्याचे सांगितले. नाझरकाका त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते, म्हणजे निम्म्या भाड्याच्या इयत्तेत. त्यांनी वहीत आकडेमोड करून आपल्यावर पडणारा बोजा पूर्ण भाड्याच्या मानाने ७.४७५ टक्के असल्याचे जाहीर केले आणि तो मान्य असल्याची नोंद केली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास निःशुल्क झाला आहे. एके काळी वय विचारले की जे लोक दोन वर्षे खाली उतरत, तेच आता आधार कार्ड पुढे करून दोन वर्षे वर चढू पाहतात. पंचाहत्तरावा वाढदिवस पनवेल आगाराच्या फलाटावर साजरा करून पहिल्या विनामूल्य तिकिटानिशी महाडपर्यंत जाऊन, केवळ चहा पिऊन परत यायचे, असा नाझरकाकांचा संकल्प आहे.

१७ मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही एस.टी.त निम्मे तिकीट पडू लागले आणि ‘अर्धांगिनी’ या शब्दाला वाहकाच्या यंत्रातून कागदी पुरावा मिळाला. या सवलतीच्या व्याप्तीविषयी एक वाद मी उरणकडून येणाऱ्या गाडीत प्रत्यक्ष ऐकला आहे, आणि व्याकरणाचा असा रोखठोक उपयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही. एक मासळीवाल्या मावशी भली थोरली टोपली घेऊन चढल्या. वाहकाने त्यांचे निम्मे तिकीट फाडले आणि टोपलीचे सामान म्हणून निराळे भाडे मागितले.

“टोपलीचा पन अर्धाच घे,” मावशी म्हणाल्या.

“का बरं?”

“ती टोपली. तो टोपला नाय.”

वाहकही मराठी शाळेत शिकलेला असावा. त्याने टोपलीवरच्या ओल्या फडक्याकडे पाहिले आणि म्हणाला, “टोपली बाई असंल मावशी, पण आतला बोंबील पुरुष आहे.”

गाडीत हशा उठला. मावशींनी शांतपणे फडके एका कोपऱ्याने उचलले. “बोंबील कनचा? कोलंबी हाय ती.”

वाहकाने पुढे काय वसूल केले ते मला दिसले नाही. परंतु मधल्या आसनावरील एक शिक्षिका बराच वेळ खिडकीबाहेर पाहत, एखाद्या गुणी विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका तपासून संपल्यावर यावा तशा समाधानाने स्मित करीत होत्या.

खर्चाचा खरा पेच मात्र बसच्याही अलीकडे, रिक्षापाशी आहे. पनवेलला उपनगरी लोकल १९९८ साली आली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पनवेलपर्यंतचे अंतर ४९ किलोमीटर आणि साधे तिकीट २० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे चाळीस पैसे पडले. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ चे २६ झाले, आणि त्यात अंतर मिळते दीड किलोमीटर. तात्पर्य, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इत्यादी गावे व वाशीची खाडी ओलांडून यायला जे पडते त्याहून सहा रुपये अधिक स्थानकापासून घराच्या जिन्यापर्यंत जायला पडतात; आणि हा हिशेब मीटर टाकला तर. मीटर हा आमच्याकडील अनेक रिक्षांचा कुलदेव आहे. तो असतो, दसऱ्याला त्याला झेंडूचे फूल मिळते, परंतु कौल द्यायला त्याला सहसा सांगत नाहीत. चालते ती ‘सीट’. तीन सीट झाल्याशिवाय रिक्षा हलत नाही, आणि दोन सीट आधीच बसल्या असतील तर ज्याला मुळीच कोठे जायचे नाही अशा वाटसरूकडेही आतील दोघे इतक्या आर्जवाने पाहतात की एकदा मी केवळ भिडेखातर ठाणा नाक्यापर्यंत जाऊन आलो आहे.

रिक्षाभाड्याच्या दुखण्यावर शासनाने उपचार केले नाहीत असे नव्हे. त्यासाठी एकसदस्यीय समिती नेमली, आणि त्या सदस्यांचे आडनाव, योगायोगाने, हकीम होते. २०१२ साली त्यांच्या सूत्रानुसार मात्रा ठरली. पुढे निदान पुन्हा करावे असे वाटल्यावरून खटुआ समिती आली. रोगी अद्याप हिंडता-फिरता आहे, आणि दर वेळी नाडी पाहिली की ती चढलेलीच असते.

मेट्रोविषयी फारसे लिहीत नाही, कारण ती बेलापूरहून पेंधरला जाते आणि आमच्या सभेतील बहुतेकांना यांपैकी कोठेही काम नसते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ती सुरू झाली तेव्हा टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरला, ४० रुपये पडत. ७ सप्टेंबर २०२४ पासून त्याचे ३० झाले. भाडे कमी झाल्याची ही वार्ता सभेने अत्यंत संशयाने ऐकली. वाढलेल्या भाड्यावर काय बोलायचे ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. कमी झालेल्यावर काय बोलावे हे कोणालाच सुचेना, आणि दोन मिनिटे जी शांतता पसरली तिला शोकसभेचीच उपमा शोभली असती. अखेर एकाने “म्हणजे इतके दिवस जास्त घेत होते!” असे उद्गार काढले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

लोकलच्या बाबतीत पनवेलकर हा पहिल्या स्थानकाचा माणूस, म्हणजे आसनाचा जन्मसिद्ध अधिकारी. शिवाय नवी मुंबईतील या रुळांचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला आणि त्यापायी तिकिटावर अधिभार बसला, हे त्याला ठाऊक असल्यामुळे, खिडकीजवळच्या जागेचा निदान दोन तृतीयांश भाग आपल्या खाजगी मालकीचा आहे अशा रीतीने तो बसतो. त्याच्या सौख्यात एकच विक्षेप आहे, आणि तो म्हणजे ‘रिटर्नवाले’. खांदेश्वर आणि मानसरोवर येथील धूर्त मंडळी पनवेलकडे येणाऱ्या गाडीत उलट्या दिशेने चढतात, येथे गाडी रिकामी झाली तरी उतरत नाहीत, आणि मुंबईसाठी फलाटावर ताटकळलेला पनवेलकर आत झेपावतो तेव्हा खिडक्यांशी डोळे मिटून, समाधी लावून बसलेली आढळतात. त्यांनी पनवेलपर्यंतचा पास काढलेला असतो, त्यामुळे कायदा त्यांच्या बाजूला आहे. नाझरकाकांनी या प्रकाराला ‘अतिक्रमण’ असे नाव देऊन वहीत स्वतंत्र पान उघडले आहे. त्यांचे जावई मानसरोवरला राहतात व रोज रिटर्न येतात, त्यामुळे ते पान कोरे आहे.

असो. मूळ कागदाकडे वळतो. नव्या मार्गाने बस सुटली ती त्याच दिवशी संध्याकाळी. मी, नाझरकाका, सकाळचा विद्यार्थी, खांदा कॉलनीतून येणाऱ्या एक परिचारिका आणि नेहमीची इतर मंडळी तीत होतो. बाहेर पाऊस लागला होता, काचांवर वाफ धरली होती, आणि गाडी एस.टी. स्टँड मागे टाकून शिवाजी चौकाशी आली तशी थांबली. मागच्या वाहनांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. चालकाने आमच्याकडे वळून, नवीन सासुरवाडीत न्हाणीघर विचारावे तशा संकोचाने विचारले, “आता इथून कसं घ्यायचं?”

तो त्याच दिवशी दुसऱ्या आगारातून बदलून आला होता. वाहक कालच कामावर रुजू झाला होता. मार्गाचा कागद त्यांच्याजवळही होता, परंतु तोही खिडकीतून आलेल्या पावसाने मधोमध भिजला होता.

बावीस वर्षे ज्या सभेचे ठराव हवेत विरले, तिच्या हाती त्या क्षणी राज्यकारभार आला.

“सरळ. बाजारपेठेतून,” नाझरकाका म्हणाले, त्यांच्या स्वरात वीस वर्षांची अखंड वहिवाट होती. गाडी बाजारपेठेत शिरली आणि त्यांच्या आळीच्या तोंडाशी, जेथे थांबा असल्याचे कोणत्याही शासकीय दप्तरात नमूद नाही, तेथे थांबली. ते छत्री सावरत उतरले व वहीत काहीतरी लिहू लागले. परिचारिकाताईंनी “दादा, जरा डावीकडून घ्या ना, दवाखान्यावरून सोपं पडतं,” असे म्हटल्यावर गाडी डावीकडून गेली. विद्यार्थ्याने आपल्या शिकवणीवर्गाचे नाव सांगितले. एका गृहस्थांना टपाल नाक्यावर औषधे घ्यायची होती, तेवढा वेळ थांबायला कोणाची हरकत नव्हती. एकाने उरण नाक्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने त्याला आक्षेप घेतला, रीतसर मतदान झाले आणि उरण नाका तीन मतांनी विजयी झाला. शिवाजी चौकातून आम्ही एकूण तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस तेथील वाहतूक पोलिसाने शिटी न फुंकता केवळ हात जोडले.

पंधरा मिनिटांच्या त्या वाटेला सव्वा तास लागला. पण एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही, भाड्याविषयी अवाक्षर निघाले नाही, आणि उतरताना प्रत्येकाने चालकाला मनापासून “बरं आहे, येतो,” असे म्हटले, जे मी यापूर्वी कधी ऐकलेले नव्हते. शेवटी मी एकटाच उरलो. आमच्या आळीचे नाव सांगितले, गाडी वळली, घराच्या फाटकापाशी आली. शेजाऱ्यांनी दारे उघडून पाहावे इतपत वेळ मी पायरीवर रेंगाळून मगच उतरलो.

वाहकाने खिडकीतून डोके बाहेर काढले. “काका, इथून आगाराला कसं जायचं?”

मी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. माझ्या थांब्याच्या पुढे ही बस कोठे जाते, हे बावीस वर्षांत माझ्या मनातदेखील आले नव्हते. पाऊस वाढला होता, चालक माझ्याकडे पाहत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरून सौभाग्यवतीही पाहत होती. मुरलेल्या प्रवाशाला शोभेल अशा निश्चयाने मी उजवीकडे बोट दाखवले.